आमच्या डायनिंग टेबलावरचं कोर्ट

शारजात आमच्या मजल्यावर चार दारं आहेत. एक आमचं, एक केरळच्या नर्सबाईंचं, एक नेहमी बंद असलेलं आणि समोरचं खालांचं. खाला म्हणजे मावशी. त्या येमेनच्या, एडन शहरातल्या, पासष्टी उलटलेल्या. इथे मुलाकडे राहतात. मुलगा मालवाहतुकीच्या एका ऑफिसात आहे. तो उजाडायच्या आत दुबईच्या ट्रॅफिकमध्ये शिरतो आणि दिवेलागणीनंतर घरी उगवतो, थेट माझ्या नवऱ्यासारखा. सून शाळेत शिकवते. त्यामुळे दिवसभर त्या मजल्यावर आम्ही दोघीच, दोघीही बिनकामाच्या. निदान व्हिसावर तरी आमची तशीच नोंद होती.

मी बिनकामाची नाही, हे मी इथे आल्यापासून सगळ्यांना सांगत आले आहे. पुण्यात मी एलएलबी केलं, सनद घेतली, फॅमिली कोर्टात एका वकीलबाईंच्या हाताखाली काळा कोट घालून हिंडले आणि मग लग्न करून नवऱ्याच्या व्हिसावर इथे आले. इथे माझी सनद चालत नाही. राहिली फक्त जीभ. कुठल्याही काउंटरवर मी गप्प बसत नाही, आणि मी बोलायला लागले की नवरा बाजूला सरकून फोनमध्ये काहीतरी शोधायला लागतो. कुणाचं काही अडलं की माझ्या अंगातच येतं. कुठेतरी अर्ज करता येतो, कुणाला तरी जाब विचारता येतो, यावर माझा विश्वास होता. होता म्हणते, कारण खालांच्या शेजारात तो हळूहळू गेला.

आमची भाषा हिंदी. खालांची आजी, म्हणजे आईची आई, मुंबईहून लग्न होऊन एडनला गेलेली. त्यामुळे खाला जुन्या वळणाचं, अडखळतं हिंदी बोलतात आणि शब्द सापडला नाही की अरबी घालतात. त्यांचा चहाही आपल्यासारखा, दुधाचा, वेलची-लवंग घातलेला, फक्त आटवून आटवून पार बासुंदीच्या वाटेला लावलेला. त्या चहापायी मी रोज अकराच्या सुमारास त्यांच्याकडे जायचे.

मे महिन्याच्या सुरुवातीला इथलं आमचं मंडळ महाराष्ट्र दिन करतं. शाळेचा हॉल, एसीत कुडकुडणाऱ्या नऊवारीतल्या पोरी, लेझीम आणि संयुक्त महाराष्ट्रावर एक भाषण. माझी मुलगी त्या भाषणाला 'द लाँग वन' म्हणते. माझे आजोबा त्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले, त्यामुळे भाषण कितीही लांबलं तरी मी दरवर्षी ते शेवटपर्यंत ऐकते. एका भाषेची माणसं एका राज्यात आली, तोंड गोड करा, हे आमच्या घरात लहानपणापासून ठरलेलं. त्यात कुणाचं काही जात असेल, असा विचार मी कधी केलाच नव्हता.

त्याच महिन्याच्या अखेरीकडे एका सकाळी फोनवर दिसलं की आज येमेनचा एकीकरण दिन. म्हटलं, वा, समोरच्या घरात सण आणि आपल्याला पत्ता नाही. मी श्रीखंड केलं. इथे चक्का बांधत बसावं लागत नाही. लबने मिळतं, त्यात साखर आणि केशर घोटलं की झालं काम. बाऊल घेऊन समोरची बेल वाजवली आणि दार उघडल्या उघडल्या म्हटलं, "खाला, मबरूक."

खालांनी बाऊल घेतला, त्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"किस बात का मबरूक, बेटी?"

"आज आप का देश एक हुआ था ना? हमारे यहाँ भी ऐसा दिन होता है. मिठाई बाँटते हैं."

त्यांनी दार पूर्ण उघडलं. मग हसल्या. "अंदर आओ. मीठा खाके बोलूँगी, तो कम कड़वा लगेगा."

तोपर्यंत मला एवढंच माहीत होतं की त्या पूर्वी सरकारी नोकरीत होत्या. मला वाटलं, पोस्टात किंवा नगरपालिकेत असतील. खाला न्यायाधीश होत्या.

त्यांनी सांगितलं ते असं. येमेनचे तेव्हा दोन देश होते. उत्तरेचा वेगळा आणि दक्षिणेचा वेगळा. दक्षिणेत कम्युनिस्टांचं राज्य, राजधानी एडन. त्या राज्याने मुलींना कॉलेजात घातलं, कायदा शिकवला आणि विशी-पंचविशीतल्या पोरींना न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसवलं. खाला त्यांतल्या एक. नवऱ्याला मनात आलं म्हणून दुसरी बायको करता येणार नाही, तलाक कोर्टातच होईल आणि मूल कुणाकडे जायचं ते मुलाचं हित बघून ठरेल, असा त्यांच्याकडे कायदा होता. मी पुण्याची, मला वाटायचं असलं सगळं आमच्याकडेच सुरू झालं. मी श्रीखंड खात राहिले.

पण त्या राज्याचे गोडवे त्यांनी गायले नाहीत. त्यांचा थोरला भाऊ पक्षातलाच. पक्षाचे दोन गट एकमेकांवर उठले आणि एडनच्या रस्त्यांवर रणगाडे आले, तेव्हा भावाला घरातून बोलावून नेलं. तो परत आला नाही आणि त्याचं प्रेतही मिळालं नाही. "कोई मुझे बोले वो ज़माना अच्छा था," खाला म्हणाल्या, "तो मैं उसको चाय नहीं देती."

पुढे रशियाची मदत आटली, पक्षाचा जीव गेला आणि दोन्ही देश एक झाले. खाला पोटुशी होत्या, तरी रस्त्यावर जाऊन नाचल्या. अनोळखी बायकांच्या गळ्यात पडल्या. मुलगी झाली तेव्हा तिचं नावही एकीवरूनच ठेवलं. त्या वर्षी तशी नावं पुष्कळ मुलींची ठेवली गेली, असं त्या म्हणाल्या.

बाळंतपणाच्या रजेवरून त्या परतल्या त्यानंतर काही महिन्यांनी उत्तरेकडून नवे साहेब आले. फार सभ्य माणूस. त्यांनी स्वतः खालांसाठी चहा मागवला आणि म्हणाले, ताई, आमच्याकडच्या लोकांना बाईचा निवाडा पटत नाही, उगीच तुम्हाला त्रास होईल. खालांना रेकॉर्ड रूममध्ये टेबल दिलं. हुद्दा तोच राहिला, फक्त खुर्ची गेली. थोड्या काळाने त्यांचा कायदाही गेला आणि नवा आला. "कोई चिल्लाया नहीं, बेटी. किसी ने गाली नहीं दी. चाय पी और ख़लास."

मला इतका संताप आला की विचारू नका. मी म्हटलं, तुम्ही अपील का नाही केलंत? खालांनी माझ्याकडे अशा काही मायेने बघितलं की मला माझीच लाज वाटली.

त्या दिवसानंतर चहाबरोबर कोर्टाच्या गोष्टी सुरू झाल्या. मी विचारत राहायचे, त्या रंगून सांगायच्या. मुलाच्या ताब्याचा खटला असला की त्यांची एक पद्धत होती. आधी आईबापांचं ऐकायचं नाही, आधी मूल. आई, बाप, दोन्हीकडच्या आज्या, वकील, शिपाई, सगळ्यांना बाहेर घालवायचं. मुलाला समोर न बसवता शेजारी बसवायचं आणि इकडच्या तिकडच्या गोष्टी काढायच्या. सकाळी काय खाल्लंस, केस कोण विंचरतं, ताप आला तर कोण जागतं. कुणाजवळ राहायचं हे विचारायचंच नाही. "आदमी कमरे में हो तो बच्चा झूठ बोलता है," त्या म्हणायच्या. "झूठ नहीं, डर. कमरा ख़ाली करो, फिर बच्चा बोलेगा." खोलीत कुणी उभं असताना दिलेलं एकाही मुलाचं उत्तर त्यांनी कधी धरलं नव्हतं, आणि याचा त्यांना फार अभिमान होता.

मग एके दिवशी त्यांनी नातीचं सांगितलं. इतके दिवस सांगितलं नव्हतं, कारण घरात तो विषय काढायला त्यांच्या मुलाने बंदी केली होती.

ती एकीच्या नावाची मुलगी एडनच्या कॉलेजात शिकताना उत्तरेकडच्या एका मुलाच्या प्रेमात पडली. दोन्ही घरांनी आनंदाने लग्न लावलं. नात झाली. पुढे युद्ध सुरू झालं आणि घरातही ते आलंच, तो कुठला आणि ती कुठली यावरून. दोघं वेगळी झाली. नात पाच वर्षांची असताना बाप तिला ईदसाठी म्हणून आपल्या आईकडे साना शहरात घेऊन गेला आणि त्याने तिला परत पाठवलंच नाही. आता ती नऊ वर्षांची आहे. मधल्या काळात आईला तिचा आवाजसुद्धा ऐकायला मिळाला नव्हता.

मी ताबडतोब विचारलं, कोर्टात गेलात का? गेले होते. एडनच्या कोर्टाने मुलगी आईकडे द्यायचा हुकूम दिला होता. पण साना युद्धातल्या दुसऱ्या बाजूच्या ताब्यात आहे आणि तिथे एडनचा हुकूम कुणी वाचतसुद्धा नाही. मुलगी, म्हणजे त्या मुलीची आई, एकदा स्वतः निघाली होती. वाटेतल्या नाक्यांवर तिला दोनदा उतरवलं आणि तिसऱ्या नाक्यावरून परत पाठवलं. सोबत पुरुष का नाही, असं विचारलं.

"मुल्क एक ही है," खाला म्हणाल्या. "आज भी. सिर्फ़ रास्ता बंद है."

झालं, माझ्या अंगात आलं. त्यानंतरचे कितीतरी आठवडे मी मुलांसाठी काम करणाऱ्या जगभरातल्या संस्थांना ईमेल पाठवत होते. पुण्याच्या माझ्या वकीलबाईंना फोन केला. इथल्या एका लॉ फर्ममध्ये ओळख काढून जाऊन बसले. सगळे चांगलं बोलले. कुणी म्हणालं, नेलेली मुलं परत करायचा आंतरराष्ट्रीय करार त्या देशाला लागू नाही. कुणी म्हणालं, आमचं तिथलं ऑफिस तात्पुरतं बंद आहे. बहुतेक ठिकाणांहून आपोआप जाणारी उत्तरं आली, की तुमचा मेल आम्हाला मिळाला.

नवरा एकदा जेवताना म्हणाला, "हे बघ, तुझं मन मला कळतं. पण येमेन, युद्ध, हे टॉपिक इथे नकोत. कुठे काय लिहितेयस, कुणाला फॉरवर्ड करतेयस, जरा बघ. आपण इथे व्हिसावर आहोत."

"मी काय पॉलिटिक्स करतेय? एक मूल आईला द्या म्हणतेय."

"तेच म्हणतोय मी. इथे नको."

मुलीने ताटातून मान वर केली. "मम्मा, व्हाय कान्ट हर मॉम जस्ट गो अँड गेट हर?"

मी तिला नकाशा काढून दाखवायला गेले आणि अर्ध्यात सोडून दिलं. नवरा बरोबर बोलत होता, याचाच मला जास्त राग आला. मी ईमेल पाठवणं थांबवलं. खालांनी विचारलंही नाही. त्यांना ते माझ्या आधी कळलं असावं.

थंडी सुरू झाली आणि सकाळी खिडक्या उघडता येऊ लागल्या, तेव्हा एक दिवस खाला स्वतः माझ्या दारात आल्या. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच. साना शहरातल्या, नातीच्या बापाच्या एका म्हाताऱ्या आत्याने रदबदली केली होती. आजीने नातीशी एकदा फोनवर बोलावं, याला बाप तयार झाला होता. त्याच्या अटी होत्या. मुलीची आई कॉलवर नको, मामा नको, कोर्टाचा विषय नको. सगळं नीट पार पडलं तर दर जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, बोलू देईन, आणि पुढे कधीतरी आईलाही. खालांच्या मुलाला यातलं काही कळता कामा नये. त्याच्या लेखी तो माणूस मेला होता आणि त्याच्यापुढे आईने हात पसरलेला त्याला चालला नसता.

"तुम्हारी टेबल पर बैठूँ?" खालांनी विचारलं.

नेहमीच्या अ‍ॅपवर इथून व्हिडिओ कॉल लागत नाहीत, वेगळं अ‍ॅप घ्यावं लागतं. ते मी माझ्या लॅपटॉपवर घातलं. तिकडच्या माणसाला ते कसं घ्यायचं, याचे स्क्रीनशॉट त्या आत्याबाईंना पाठवले. ठरल्या सकाळी नवरा ऑफिसला आणि मुलगी शाळेत गेली. मी टेबलावरचा मेणकापडाचा रुमाल काढून ते स्वच्छ पुसलं. खाला इस्त्रीचा अबाया घालून आल्या, हात धुतले आणि चष्मा पुसला. एडनहून मुलीचा फोन आधीच येऊन गेला होता. आई, फक्त गोड बोल, असं तिने पुन्हा पुन्हा बजावलं होतं. तिला माझं नाव सांगू नकोस, माझी आठवण काढू नकोस, त्याला राग येईल असं काही करू नकोस, आपल्याला पुढचा जुम्मा मिळाला पाहिजे. खालांनी हे मला हिंदीत सांगितलं आणि म्हणाल्या, "मीठा बोलूँगी. आज तो मैं सिर्फ़ नानी हूँ."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, कॅमेऱ्यात येणार नाही अशी.

दोनदा कॉल तुटला. तिसऱ्यांदा पडद्यावर एक मुलगी आली. दोन घट्ट वेण्या, कपाळ थेट खालांचं. खाला आधी नुसत्या बघत राहिल्या. मग सुरू झालं. मला अरबी चार शब्दांपलीकडे येत नाही, पण सूर कळत होता. आजीचा सूर. काय खाल्लंस, कितवीत आहेस, मैत्रीण कोण. मुलगी छोटी छोटी उत्तरं देत होती, आणि प्रत्येक उत्तराआधी तिची नजर डावीकडे जात होती. पडद्याबाहेर, तिच्या शेजारी, कुणीतरी उभं होतं. मला ते दिसलं तर खालांना काय दिसलं नसेल. तरी त्या गोडच बोलत राहिल्या. मी मनात म्हटलं, शाब्बास खाला, असंच, आता आटपतं घ्या.

तेवढ्यात मुलगी डावीकडे बघून एक लांब वाक्य बोलली. शाळेत कविता म्हणतात तसं, एका दमात. मला नंतर कळलं ते असं होतं: मी इथे सुखात आहे, मला कुठेही जायचं नाही, माझ्या आईने मला टाकलं.

खालांनी दोन्ही तळवे टेबलावर सपाट ठेवले. पाठ ताठ झाली. आणि त्या एकच वाक्य बोलल्या, ज्या आवाजात त्यांना मी कधी ऐकलं नव्हतं. शब्द कळले नाहीत तरी अर्थ मला तिथल्या तिथे कळला. पुण्याच्या कोर्टात तो आवाज मी ऐकला होता. खोली रिकामी करा.

पडद्यावरची मुलगी घाबरून उठली. मग तो माणूस समोर आला. मी मनात कुणी राक्षस धरून बसले होते. हा बारीक, दमलेला, दाढी पिकू लागलेला माणूस होता. तो चिडला नाही. हसल्यासारखं करून अदबीने काहीतरी म्हणाला, छातीवर हात ठेवला आणि पडदा काळा झाला.

मी धावत जाऊन पुन्हा कॉल लावला. लागला नाही. माझ्या फोनवरून लावला. तिथूनही नाही. अ‍ॅप बंद करून चालू केलं, लॅपटॉप बंद करून चालू केला, वायफायची वायर काढून घातली. मी हे सगळं करत असताना खाला तळवे टेबलावर ठेवून तशाच बसून होत्या.

"रहने दो, बेटी. उसने ब्लॉक किया."

"तो क्या बोला?"

"बोला, ख़ाला, आप का कोर्ट बंद हुए ज़माना हो गया." त्यांनी आपल्या तळव्यांकडे बघितलं. "इतने साल ये जुमला मुँह में नहीं आया. आज क्यों आया? मैं मीठा बोल रही थी ना? तुमने सुना ना?"

मी म्हटलं, हो, तुम्ही गोडच बोलत होतात. मला रडू फुटलं. त्यांना फुटलं नाही. मी पाणी आणून दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. मी पाठीवर हात ठेवला. ती अजून ताठच होती. मला काहीतरी करायचं होतं आणि करण्यासारखं जगात काही नव्हतं. त्या आत्याबाईंना मेसेज टाकला, त्यावर एकच टिक उमटली आणि तशीच राहिली.

तेवढ्यात खालांचा फोन वाजला. एडनची मुलगी. तिला आणखी दम धरवला नसणार. खालांनी फोन उचलला आणि सांगायला लागल्या. नात उंच झालीय, केस लांब झालेत, अंगात निळा स्वेटर होता, हे त्यांनी हाताने दाखवत सांगितलं, जणू मुलीला हात दिसत होते. पलीकडून हसणं आणि रडणं एकत्र ऐकू येत होतं, माझ्यापर्यंत येत होतं. मग तिने काहीतरी विचारलं. खालांनी फोनवर हात धरला आणि माझ्याकडे बघितलं.

"पूछती है, जुम्मे को कितने बजे. तुम वकील हो. बोलो, मैं क्या बोलूँ?"

माझ्या तोंडून निघालं, "बोलिए, इन्शाल्ला."

या शब्दाची मला इथे राहून चीड बसली आहे. काउंटरपलीकडचा माणूस इन्शाल्ला म्हणाला की समजायचं, आज काम होत नाही, उद्याही होणार नाही. आणि आता तो मीच एका आईला देत होते. खालांनी हात काढला आणि तो फोनमध्ये सांगितला.

पलीकडून मुलीने वेळ पुन्हा विचारली नाही.